पूररेषा आधी वर्गात आखा

ऑगस्ट 2019मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी गाठली; धोक्याची पातळी आहे 45 फूट. 2005 आणि 2021चे पूरही शहराने सोसले.

अशा ठिकाणी नगररचना नुसत्या कागदी नकाशावर शिकवणे परवडणारे नाही. क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, इस्रोच्या ‘भुवन’वर उपग्रहचित्रे पाहता येतात. जमिनीच्या उंचसखलपणावर पाण्याची पातळी मांडली, की कोणती गल्ली आधी बुडेल याचा अंदाज विद्यार्थ्यालाही बांधता येतो. साताऱ्यात प्रश्न वेगळा: अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावरून धावणारे पाणी मुरवायचे कुठे?

मात्र पडद्यावरचा नकाशा भिंतींवरच्या पूरखुणांशी ताडून पाहायलाच हवा. दोन्ही जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे काम अभ्यासक्रमात घ्यावे आणि पालिकांनी बांधकाम परवानगी देण्यापूर्वी ते नकाशे उघडावेत.