मागचे दोघे मुके का?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, तुम्हाला वायरीतलं कळतं ना? आमच्या टीव्हीचे मागचे दोन डबे बोलतच नाहीत."

आमच्या सिल्लोडकडे मिरचीला भाव मिळाला की घरात काहीतरी नवं येतं. कुणाकडे फवारणीचा पंप, कुणाकडे पत्रे. याच्या वडिलांनी होम थिएटर आणलं होतं. पाच छोटे स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक मोठा ठोकळा. आजीला ते मुळीच पसंत नव्हतं. "चांगल्या पैशाचं डबडं आणलं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. त्यात दुकानदारानं सांगितलं, मशीन खराब आहे, वरून तीन हजार भरा अन् दुसरं घेऊन जा. वडील भरायच्या तयारीत होते. म्हटलं, थांबा, रविवारी येतो.

टीव्हीच्या मागे वाकून पाहिलं आणि मेख सापडली. टीव्हीतून मशीनकडे गेलेली वायर होती लाल आणि पांढऱ्या टोकांची. लाल म्हणजे उजवीकडचा आवाज, पांढरी म्हणजे डावीकडचा. वाटा दोनच! पाच जणांचं बोलणं त्यातून वेगवेगळं येणार कसं? पुढचे बोलत होते, मागचे बिचारे निरोपाची वाट पाहत बसले होते. मशीन अगदी ठणठणीत होतं.

डब्यावर ५.१ असं छापलेलं असतं ना, त्याचा अर्थ असा. पुढे तीन स्पीकर: डावा, मधला, उजवा. मधल्यातून बहुतेक संवाद येतात. मागे दोन. झाले पाच. आणि तो मोठा ठोकळा, म्हणजे सबवूफर, फक्त ढमढम असा खर्जातला आवाज काढतो. थोडंसंच काम, म्हणून त्याला नुसतं '.१'. तो कोपऱ्यात ठेवला तरी चालतो, कारण खर्जाची लाट फार लांब असते. सेकंदाला ५० कंपनांच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ७ मीटर भरते! ती कुठून आली हे आपल्या कानांना नीट सांगताच येत नाही.

आता वाट बदलायची होती. टीव्हीच्या पाठीवर एक चिमुकलं चौकोनी भोक असतं, त्यातून लाल उजेड दिसतो. (डोळा लावून बघत बसू नका हं!) तशीच खाच मशीनला होती. यात लागते ती ऑप्टिकल केबल. तिच्यात तांब्याची तार नसते, प्लास्टिकचा पारदर्शक तंतू असतो. त्यातून आवाज जातो तो चक्क उजेडाची उघडझाप होऊन. जपानच्या तोशिबा कंपनीनं ही जोडणी १९८३ मध्ये काढली. आणि वाकड्यातिकड्या तंतूतून उजेड नेण्याच्या कामात मोठा वाटा आहे आपल्या पंजाबात, मोगा इथं १९२६ साली जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांचा. १९५४ मध्ये त्यांनी लंडनला हॉपकिन्स यांच्याबरोबर तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. मला विचाराल तर त्यांचं नाव आपल्या पुस्तकांत आणखी ठळक यायला हवं.

बाजारातून दोन-अडीचशे रुपयांना केबल आणली, दोन्हीकडची बटणं बंद करून जोडली. केबल ताठ मोडायची नाही, नाहीतर आतला तंतू तुटतो. टीव्ही लावला. मागचे मुकेच! आजी माझ्याकडे बघून नुसती हसली.

मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथं आवाजापुढे 'पीसीएम' असं होतं. हा मोकळा, न दाबलेला आवाज. गणित करून बघा: सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकाचे १६ अंक, असे दोन स्पीकर. गुणाकार १५,३६,०००. या केबलमधून असा मोकळा आवाज दोघांचाच जातो. पण 'डॉल्बी डिजिटल' नावाची एक युक्ती आहे, १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स' या सिनेमापासून थिएटरांत आलेली. ती आपल्या कानाला एरवीही ऐकू न येणारा भाग गाळते. मग पाच अधिक एक असा सगळ्यांचा आवाज सेकंदाला ४,४८,००० अंकांतसुद्धा मावतो. गादी घडी घालून पिशवीत कोंबावी तसं! 'पीसीएम' काढून 'बिटस्ट्रीम' केलं. (तुमच्या टीव्हीत 'ऑटो' किंवा 'डॉल्बी' असं लिहिलेलं असेल.) नव्या टीव्हीत एचडीएमआयच्या एका खाचेशेजारी 'एआरसी' लिहिलेलं असतं. २००९ पासून ही सोय आहे. मशीनलाही तसंच असेल तर त्या एका केबलनं हेच काम होतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. कार्यक्रमातच पाच आवाज भरलेले नसतील तर कुठलीही केबल ते निर्माण करणार नाही. बातम्या, मालिका पुष्कळदा दोनच आवाजांत असतात. म्हणून आम्ही ५.१ लिहिलेला एक सिनेमा लावला. त्यात पाऊस सुरू झाला आणि आजी झटकन मागे वळून म्हणाली, "अरे, दार कुणी उघडं टाकलं?"

सगळे हसलो. तेवढ्यात माझं लक्ष त्या मुलाच्या धाकट्या बहिणीकडे गेलं. आमच्याच शाळेत पहिलीला आहे. ती वळलीच नव्हती.

मशीनच्या रिमोटवर 'टेस्ट टोन' असं बटण होतं. ते दाबलं की एकेका स्पीकरमधून पाळीपाळीनं 'श्श' असा आवाज येतो. मी खेळ मांडला. डोळे मिटायचे, आवाज येईल तिकडे बोट दाखवायचं. हे कसं जमतं ठाऊक आहे? उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यातले जेमतेम सहा, एवढाच उशीर. मेंदू तो बरोबर मोजतो. पण त्यासाठी दोन्ही कान हवेत. भावानं पाचही बरोबर दाखवले, आजीनं चार. चिमुरडीनं पाचही वेळा उजवीकडेच बोट केलं.

डावा कान पावसाळ्यापासून वाहत होता. घरात कोमट तेल घालत होते. (वाहत्या कानात तेल घालू नये, पालकांनो.) आणि मी? मी तिच्या नावापुढे 'लक्ष देत नाही' असा शेरा लिहून ठेवला होता. माझ्या खुर्चीच्या डावीकडे ती बसते, म्हणजे माझ्याकडे तिचा कुठला कान येतो, हे मी चार महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं.

वाचलेल्या तीन हजारांतून वडील तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेले. पडद्याला भोक आहे, औषध सुरू झालंय, दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचंय. शेरा मी खोडला. आता ती डाव्या भिंतीला लागून बसते, चांगला कान वर्गाकडे. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणून आंघोळीआधी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा बसवायचा असतो. ते काम भावाकडे आहे.