गुण नव्हे, वाढ मोजा!

शेगडीवरून उतरवलेल्या पातेल्यातील पाण्याचे तापमान ८० अंश सेल्सिअस आहे. शेगडीने पाण्याला किती उष्णता दिली, हे सांगता येईल का? तुम्ही लगेच विचाराल, "पाणी किती होते आणि आधी त्याचे तापमान किती होते?" प्रश्न अगदी योग्य आहे. पण शिक्षणाच्या बाबतीत "आधी किती येत होते?" हे विचारायला आपण विसरतो.

भारत सरकारने २०१७ साली 'स्वयम्' हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम सुरू केला. कोथरूडमधल्या मुलाला ऐकायला मिळणारे आयआयटीतील प्राध्यापकांचे व्याख्यान गडचिरोलीच्या मुलीलाही ऐकता येते. ही मोठीच सोय आहे. परंतु नावे किती जणांनी नोंदवली, प्रमाणपत्रे किती जणांना मिळाली, एवढ्यावरून अशा अभ्यासक्रमाचे यश ठरवणे म्हणजे ८० अंशांवरून उष्णता सांगण्यासारखेच आहे.

मग शिकणे मोजायचे कसे? अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांची तुलना करताना एक सोपी रीत वापरली. आरंभी व शेवटी एकच चाचणी घ्यायची. जेवढे गुण वाढले, त्यांना जेवढे वाढू शकले असते त्यांनी भागायचे. समजा, शंभरपैकी सरासरी २० वरून ६० झाली, तर ४० भागिले ८०, म्हणजे ०.५. दुसऱ्या वर्गाची ८० वरून ९० झाली, तर १० भागिले २०, म्हणजे पुन्हा ०.५! दोन्ही वर्गांची प्रगती सारखीच. पण नुसते शेवटचे गुण पाहिले तर कौतुक दुसऱ्याचेच होईल. हेक यांना निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत ही वाढ सरासरी ०.२३ आढळली, तर प्रश्न आणि चर्चा करत शिकणाऱ्या वर्गांत ०.४८.

२०१३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या भौतिकशास्त्राच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला हीच रीत लावण्यात आली. तेथील वाढ व्याख्यानांच्या वर्गांपेक्षा थोडी अधिक, पण चर्चेच्या वर्गांपेक्षा कमी भरली. विशेष म्हणजे, तयारी कमी असलेल्यांची वाढही इतरांच्या तोडीची होती. मात्र नावे नोंदवली होती सुमारे १७,००० जणांनी आणि मोजमाप झाले ते शेवटपर्यंत टिकलेल्या थोड्यांचेच. मध्येच सोडून गेलेल्यांचाही हिशेब हवाच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की प्रत्येक मोठ्या अभ्यासक्रमाने आरंभीची चाचणी सक्तीची करावी आणि प्रमाणपत्रांच्या संख्येबरोबर ही वाढही जाहीर करावी. चाचणी मात्र पाठांतराची नको. "वर फेकलेला चेंडू हातातून सुटल्यावर वर जात असताना त्यावर कोणते बल कार्य करते? हवेचा विरोध सोडून द्या." असे प्रश्न हवेत. 'हाताचे बल' असे उत्तर देणाऱ्याला न्यूटनचे नियम पाठ असतील, पण समजलेले नाहीत!

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग वर्गातही करता येईल. पुढील धड्यापूर्वी दहा प्रश्न द्या, धडा संपल्यावर तेच द्या आणि महिन्याने पुन्हा एकदा. येणारी संख्या कदाचित सुखावणार नाही. पण कोठे अधिक शिकवायला हवे, ते तीच सांगेल.