सॉफ्टनरचं मीठ शेवटी जातं कुठं?



आज छाटणी-फवारणीचं नाही, घरातल्या एका मशीनचं लिहितोय. पण विषय शेवटी बांधावरच येणार आहे, म्हणून पूर्ण वाचा.

आमचा मळा नाशिकरोडच्या पुढं, पळसे शिवारात. घराला बोअरचं पाणी आणि तेही चांगलंच जड. साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही, गिझरची कॉइल दर वर्षी पांढरी होऊन जळते. कठीणपणा तपासून घेतला तर लिटरला ५५० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही चांगली मर्यादा, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं म्हटलंय. म्हणजे आम्ही अगदी काठावर. घरच्यांनी हट्ट धरला आणि दीड वर्षापूर्वी सॉफ्टनर बसवला. २५ लिटर रेझिनची टाकी, शेजारी मिठाची टाकी.

घरात सगळे खूश. मशीन बसवणारा सांगून गेला, "दादा, मीठ संपलं की टाकायचं, बाकी काही बघायचं नाही." आम्हीही बघितलं नाही. मोरीच्या पाण्याबरोबर मशीनचं धुवणही पाटातून घरामागच्या लिंबाला आणि तिथून द्राक्षाच्या कडेच्या दोन ओळींना जात होतं. सांडपाणी वाया घालवायचं नाही, ही आपली जुनी सवय.

यंदा त्या दोन ओळींची पानं कडेनं करपायला लागली. आधी वाटलं पालाश कमी पडलं. पालाश दिलं, फरक नाही. मग लिंबाची पानगळ सुरू झाली. तिथली माती बघितली तर वर पापडी, पाणी टाकलं की डबकं, वाळली की दगड. बाकीच्या बागेत असं काहीच नाही. माती तपासली, सोडियम वाढलेलं निघालं. आपल्या भाषेत सांगायचं तर तेवढा तुकडा चोपण व्हायला लागला होता.

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला आणि वही घेऊन हिशोबाला बसलो.

मशीनची घडी दर दोन दिवसांनी रेझिन धुवायला लावलेली होती. एका धुण्याला ४ किलो मीठ. महिन्याला ६० किलो, दीड वर्षात १० क्विंटलच्या वर. एवढं मीठ मी स्वतःच्या हातानं पिशवी फोडून, स्वतःच्या जमिनीत घातलं. शेजाऱ्यानं घातलं असतं तर भांडण पोलीस पाटलापर्यंत गेलं असतं.

आता यातलं शास्त्र, कारण ते आपल्याच मातीचं आहे. रेझिनच्या बारीक मण्यांवर सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवून पुन्हा सोडियम चढवायचं. आपल्या काळ्या मातीचा चिकण कणही हेच करतो. त्यावर कॅल्शियम असेल तर माती रवाळ, भुसभुशीत. सोडियम बसलं की कण फुटून पसरतात, छिद्रं बुजतात, मुळांना हवा मिळत नाही. गंमत म्हणजे ही अदलाबदल पहिल्यांदा मातीतच सापडली. इंग्लंडात थॉम्पसन नावाच्या एका शेतमालकानं अमोनियम सल्फेटचं पाणी मातीतून गाळलं, तर खाली जिप्सम निघालं. वे नावाच्या शेती रसायनतज्ज्ञानं त्यावर काम केलं आणि १८५० मध्ये ते छापून आलं. सॉफ्टनर त्यानंतर कित्येक वर्षांनी आला. म्हणजे मातीचाच गुण घेऊन हे मशीन झालं, आणि आपण त्याचं धुवण परत मातीवर सोडतोय.

माझं मत सरळ आहे. सॉफ्टनर वाईट नाही. पण तो घरातच राहिला पाहिजे. त्याचं धुवण आणि त्यातून निघालेलं मऊ पाणी, दोन्ही झाडाला नको. १०० मिलिग्रॅम कठीणपणा काढला की पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. माझ्या पाण्यात लिटरला २५० च्या आसपास वाढतं, आणि त्याला आवर घालणारं कॅल्शियम उरत नाही. क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून आपण डॉगरिज खुंट लावला. मग त्याच वेलीला मीठ का पाजायचं?

ज्यांच्याकडं मशीन आहे, त्यांनी एवढं करावं:

१. आधी कठीणपणा मोजा. टीडीएस मीटरवर जाऊ नका. मऊ झालेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच दिसतो, कारण क्षार जात नाहीत, फक्त बदलतात. थेंब टाकून रंग बदलणारं किट मिळतं, लालसर पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजायचे.

२. घडी आपल्या वापरावर लावा. माझं २५ लिटर रेझिन अडीच किलो मिठात साधारण ११०० ग्रॅम कठीणपणा पकडतं, म्हणजे माझं २००० लिटर पाणी. ४ किलो घातलं तर २५०० लिटर. दीडपटीहून जास्त मीठ, पाणी मात्र फक्त सव्वापट. आमचा वापर रोज ६५० लिटर. म्हणून आता दर तीन दिवसांनी अडीच किलो. महिन्याला ६० चे २५ किलो झाले, पाणी तेवढंच मऊ.

३. काही मशीनवर कठीणपणाचा आकडा ग्रेनमध्ये भरावा लागतो. मिलिग्रॅमच्या आकड्याला १७ नं भागा. माझे ५५० म्हणजे ३२ ग्रेन.

४. पाणी अगदी बुळबुळीत लागत असेल तर बायपास वॉल्व किंचित उघडा. थोडा कठीणपणा राहिला तर गिझरचं काही बिघडत नाही, मीठही वाचतं.

५. संडास, गोठा, अंगण आणि बागेचा नळ सॉफ्टनरच्या आधीच काढा. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर पिण्याचा नळही.

मिठाऐवजी म्युरेट ऑफ पोटॅश वापरा, असंही कुणी सुचवतं. सोडियमची अडचण टळते, पण क्लोराइड तसंच राहतं आणि द्राक्षाला ते सोसत नाही. शिवाय अनुदानाचं खत शेतासाठी आहे, मोरीसाठी नाही.

धुवणाचं मी काय केलं? वेगळा पाइप काढला आणि शेततळ्याचा उरलेला कागद अंथरून उथळ खड्डा केला, विहिरीपासून लांब. पावसाळ्यात वर पत्रा. याला मी पक्का उपाय म्हणणार नाही. वर्षाला तीन क्विंटल मीठ अजूनही कुठंतरी ठेवावं लागतंच. म्हणून पहिलं काम मीठ कमी करणं, खड्डा त्यानंतर. करपलेल्या ओळींना जिप्सम टाकलंय आणि चर काढलाय, म्हणजे सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर खाली जाईल. घरात मीठ घालून रेझिन धुतो, शेतात जिप्सम घालून माती. घरचं तासाभरात होतं, मातीला किती हंगाम लागतील ते बघू.

अजून एक. काही भाऊ ड्रिपसाठीच मोठा सॉफ्टनर घ्यायचं बोलतायत. घेऊ नका. ड्रिपर चुन्यानं बुजत असतील तर आम्ल प्रक्रिया करा, सल्ला घेऊन, आम्ल पाण्यात ओतून, पाणी आम्लात नाही. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम वेलीचं खाणं आहे. ते काढून सोडियम देण्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

कृषी सल्लागार मित्रांना एक विनंती. घराजवळच्याच ओळी करपलेल्या दिसल्या तर खताचा डोस सांगण्याआधी एक प्रश्न विचारा: "घरात सॉफ्टनर आहे का, आणि त्याचा पाइप कुठं निघतो?" मला कुणी विचारलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

तुमच्याकडं मशीन असेल तर आज जाऊन पाइपचं दुसरं टोक बघून या, आणि काय दिसलं ते इथं सांगा.