‘दोनशे पंचावन्न’चा हट्ट कशाला?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय आली की तिच्याभोवती गर्दी जमतेच. २०१३ मध्ये ही गाडी आपल्याकडे आली. २०२२ मध्ये पोलो बंद झाली, तरी तिची क्रेझ काही ओसरली नाही. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद आणि आई-बाबा जेमतेम ‘हो’ म्हणतील अशी सेकंडहँड किंमत! पण सुरुवातीच्या गाड्या आता दहा वर्षांच्या पुढे गेल्यात. कुणाची सकाळी लवकर स्टार्ट होत नाही, कुणाची घाटात दम टाकते. मेकॅनिक म्हणतो, ‘फ्युएल पंप गेला.’ लगेच ग्रुपमधला एकजण सल्ला देतो, ‘बदलतोयस ना, मग २५५च टाक!’

माझं स्पष्ट मत आहे, हा सल्ला ऐकू नका.

२५५ म्हणजे ताशी २५५ लिटर पेट्रोल ढकलणारा पंप. वॉलब्रोचा या क्षमतेचा पंप जगभरच्या मॉडिफिकेशनवाल्यांचा लाडका आहे. पंप चांगला आहे, वाद नाही. वाद आहे तो आपल्याला तो लागतो का, याचा. साधा हिशेब करू. टर्बो इंजिन पूर्ण जोरात चालत असेल, तर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं. समजा रीमॅप करून गाडी १५० हॉर्सपॉवरवर नेली. लागलं ४० किलो, म्हणजे अंदाजे ५५ लिटर. वर २५ टक्के राखीव धरा. झाले सत्तर! मग २५५ कशासाठी? चौघांच्या घरी लग्नातलं पातेलं आणण्यातला प्रकार आहे हा.

बरं, जास्त असलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ना. मोठा पंप जास्त करंट ओढतो आणि जुनी वायरिंग, जुना रिले गरम होतो. बऱ्याच नव्या गाड्यांत पंपाचा वेग एक वेगळं कंट्रोल युनिट ठरवतं, त्याचं गणित मूळ पंपाप्रमाणे बसवलेलं असतं. ज्या गाड्यांत उरलेलं पेट्रोल टाकीत परत जातं, तिथे रिटर्न लाइन आणि रेग्युलेटरला एवढा लोंढा झेपला नाही की प्रेशर नको तितकं चढतं.

शिवाय टीएसआय इंजिनची गोष्टच वेगळी आहे. यात पंप दोन असतात. टाकीतला इलेक्ट्रिक पंप फक्त इंजिनपर्यंत पेट्रोल पोहोचवतो. तिथे कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा पंप प्रेशर शंभर बारच्या वर नेतो आणि मग पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. तो दुसरा पंप कमी पडत असेल, तर टाकीत कितीही मोठा पंप बसवा, ताकद वाढणार नाही. अशा गाडीला कंपनीच्याच स्पेसिफिकेशनचा पंप घ्यावा, हेच शहाणपण.

मोठा पंप लागणाऱ्या गाड्याही आहेत. जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्या. १.८ टर्बो, मुळात १५० पीएस. मोठा टर्बो लावून कुणी तिला दुपटीवर नेत असेल, तर मूळ पंप पुरणार नाही. पण तिथेही बॉक्सवरच्या आकड्यावर जाऊ नका. प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो घटतो. तीन बारचं मूळ प्रेशर, त्यात दीड बारचा बूस्ट, म्हणजे पंपाला साडेचार बारवर काम करायचंय. त्या प्रेशरला आणि गाडीच्या प्रत्यक्ष व्होल्टेजला तो किती लिटर देतो, हे कंपनीच्या फ्लो चार्टवर बघा. कमी पडला, तर फुल थ्रॉटलला मिश्रणात पेट्रोल अपुरं होतं, इंजिन प्रचंड तापतं आणि पिस्टन वितळू शकतो. मग पंपाचा खर्च किरकोळ वाटेल असं बिल येतं आणि ते बहुतेकदा बाबांच्या खात्यातून जातं.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे तेवढ्याच ताकदीसाठी थोडं जास्त इंधन लागतं. शिवाय जुन्या रबराला ते मानवेलच असं नाही. म्हणून पंप, सील आणि पाइप इथेनॉलला चालणारे आहेत ना, हे आधी विचारा.

मुळात पंप गेलाय का, हेही तपासा. प्रेशर गेज लावून बघायला सांगा. पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज नीट येतंय का? फिल्टर तुंबलाय का? रिले ठीक आहे का? कितीदा तरी दोष शेकड्यातल्या रिलेचा असतो आणि बदलला जातो हजारांचा पंप.

नाना पेठेत घ्या, कुर्ल्यात घ्या, नाहीतर ऑनलाइन मागवा, पण पक्कं बिल मागा. नावाजलेल्या पंपांच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत. अर्ध्या किमतीत ‘ओरिजिनल’ मिळत असेल, तर शंका घ्यायलाच हवी. बसवताना टाकीचं सील नवीनच घाला आणि हे काम हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये यूट्यूब बघत करू नका. मागच्या सीटखाली उघडी टाकी आणि पेट्रोलची वाफ असते, एक ठिणगी पुरते.

आणि हो, ‘दोनशेचं टाका’ ही सवय सोडा. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. गाडी कायम रिझर्व्हवर पळवली, तर नवा पंपही लवकर जाईल. पाव टाकी कायम भरलेली ठेवा. २५५च्या हट्टापेक्षा त्याचा फायदा जास्त आहे.