पित्याचा रकाना

अविवाहित बापाचे नाव मुलाच्या जन्मदाखल्यावर घातले, तर विवाहसंस्थेची भिंत खचेल, असे आपल्यातील काही मंडळी हल्ली मोठ्या कळवळ्याने सांगू लागली आहेत. नोकरीनिमित्त परमुलखात वावरणाऱ्या अशा गृहस्थांनी एखाद्या रजेत तंजावरास जाऊन यावे. तेथे बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून ठेवला आहे. वंशाचा एवढा मोठा दगडी दाखला अन्यत्र क्वचितच आढळेल. याच घराण्यात १७३९ पासून १७६३ पर्यंत राज्य केलेले प्रतापसिंह हे तुकोजी राजांना खांड्याशी लग्न लावून आणलेल्या स्त्रीपासून झालेले. नवऱ्याऐवजी त्याची तलवार उभी करून लागलेल्या लग्नास विवाह म्हणावे काय, हा वाद राहिला. बाप कोण, हे मात्र कोणी झाकले नाही. १७४९ साली इंग्रजांनी दुसऱ्या वारसाचा कैवार घेऊन स्वारी केली खरी; परंतु देवीकोटे पदरात पडताच त्याच प्रतापसिंहांशी तह केला. औरसपणाचा कळवळा पुष्कळदा असाच असतो!

पुढे राज्य गेले, मालमत्ता उरली, आणि तिचा दावा मद्रासच्या उच्च न्यायालयात गेला. १९२४ च्या त्या निकालात हे घराणे क्षत्रिय की शूद्र याचाच खल करावा लागला. कारण जुन्या शास्त्राप्रमाणे शूद्राच्या दासीपुत्रास बापाच्या मिळकतीत वाटा होता, वरच्या वर्णांत केवळ पोटगी. १९५६ च्या वारसा कायद्याने हा भेद मिटविला, पण कसा? विवाहाविना जन्मलेल्या मुलाचे नाते आईपुरतेच मानून वाटा सरसकट सर्वांचाच काढून घेतला. बापाकडे अल्पवयातील पोषणाचा हक्क तेवढा राहिला.

म्हणजे दाखल्यावर नाव आले तरी इस्टेट फुटण्याचे भय नाही. मग भीती कशाची? १८८६ च्या परकीय सरकारच्या नोंदणी कायद्यानेदेखील, आईची विनंती आणि बापाची कबुली असेल, व दोघांनी सही केली, तर अशा बापाचे नाव नोंदविण्याची मुभा दिली होती. आज मात्र सही करावयास स्वतःहून आलेल्या बापाकडे खिडकीवरचा कारकून लग्नाचा दाखला मागतो. जन्माची नोंद ही जन्माची आहे, लग्नाची नव्हे, हे त्याला कोणी सांगावे?

प्रतिपक्ष म्हणेल, रकाना कोरा ठेवता येतोच की. येतो, २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेला बापाचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही असे ठरविले, आणि २०१८ साली मदुराईच्या खंडपीठाने तिरुचिरापल्लीच्या एका दाखल्यावरील पित्याचे नाव काढावयास लावले. दोन्ही निर्णय रास्तच आहेत. परंतु कोरा रकाना हा आईचा अधिकार आहे. कबुली देणाऱ्या बापाला परत पाठविण्याचे ते निमित्त नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर शाळा, मतदारयादी, नोकरी यांसाठी हाच एक दाखला पुरावा ठरला आहे. अशा वेळी दोघांच्या सह्या पुरेत, लग्नाचा पुरावा मागू नये, एवढे एक परिपत्रक काढावयास कोणती अडचण आहे? आणि वारसा कायद्यातील ते कलमही दुरुस्त केले पाहिजे. तंजावरच्या खटल्यातील दासीपुत्रांना जेवढे मागता येत होते, तेवढेही आजच्या मुलाला मागता येत नाही.