गंज विष धरतो. जबाबदारी कोण धरणार?

एखाद्या दुःखावर विज्ञानाने उपाय शोधला की ते दुःख संपलेच, असा एक भाबडा समज सुशिक्षित समाजात रूढ आहे. गंगेच्या मुखाजवळील प्रदेशाचा गेल्या चार दशकांचा इतिहास हा समज साफ खोडून काढतो. पश्चिम बंगाल आणि बांगला देश येथील भूजलात सोमल, म्हणजेच आर्सेनिक, मिसळलेला आहे. तो पाण्यातून वेगळा करण्याचे काम लोखंडाचा साधा गंज करू शकतो. तरीही लक्षावधी माणसे आजही तेच पाणी पीत आहेत. उपाय ज्ञात आहे, स्वस्त आहे. मग तो गरिबाच्या घागरीपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा उरत नाही. तो राज्यकारभाराचा आणि समाजरचनेचा प्रश्न होतो.

या शोकांतिकेचा प्रारंभ सदिच्छेतून झाला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तळी-डबक्यांतील दूषित पाण्याने दरवर्षी असंख्य बालके हगवणीने दगावत. त्यावर उपाय म्हणून १९७० नंतरच्या काळात युनिसेफच्या साहाय्याने बांगला देशात खेडोपाडी कूपनलिका खोदल्या गेल्या. भूगर्भातील पाणी रोगजंतूंपासून बव्हंशी मुक्त होते. परंतु त्यात सोमल आहे काय, हे कोणी तपासले नाही. १९८३च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या अंगावरील काळे-पांढरे ठिपके आणि तळहात-तळपायांवरील कठीण गाठी पाहून त्यांचे मूळ पाण्यातील सोमलात असल्याचे ओळखले. पुढे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील पाणी तपासून या संकटाची व्याप्ती उघड केली. बांगला देशात ते १९९३ साली ध्यानी आले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखाने साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक तेथे धोक्यात असल्याचा अंदाज मांडला. कातडीचा, फुफ्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग ही या विषाची अखेरची देणगी होय. त्याआधीच अंगावरच्या डागांमुळे मुलींची लग्ने अडतात, ही त्याची सामाजिक देणगी.

हे विष आले कोठून? हिमालयातून वाहत आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे गंजाचेच, पातळ कवच असते आणि त्या कवचाने सोमल घट्ट धरून ठेवलेला असतो. भूगर्भात सेंद्रिय पदार्थ कुजतात, तेव्हा सूक्ष्मजीव प्राणवायू संपवून टाकतात. मग ते कवचच विरघळू लागते. लोह सुटते आणि त्याबरोबर सोमलही पाण्यात मोकळा होतो. हे पाणी वर उपसून उघड्यावर ठेवले की लोहाचा पुन्हा गंज बनून तांबूस साका तळाशी बसतो आणि सोमलाचा काही अंश बरोबर घेऊन जातो. निसर्गाने ज्या पदार्थाच्या हातून विष सोडले, त्याच पदार्थाच्या हाती ते परत देता येते. हा या सर्व गाळणयंत्रांचा पाया आहे.

मात्र या पदार्थाच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. सोमलाचे पाण्यात दोन प्रकार आढळतात. त्यांतील अधिक विषारी प्रकारावर सामान्य पाण्यात विद्युत्भार नसतो, म्हणून तो गंजाला नीट चिकटत नाही. त्याचे आधी ऑक्सिडीकरण करावे लागते. शिवाय पाण्यातील फॉस्फेट व सिलिकेट हे घटक त्याच जागांसाठी स्पर्धा करतात. सर्वांत महत्त्वाची मर्यादा तिसरी आहे. ऑक्साइडच्या पृष्ठभागावरील जागा मोजक्या असतात. त्या भरल्या की गाळणी निकामी होते. कोणतेही गाळणयंत्र कायमचे नसते. ते कोणीतरी तपासावे, धुवावे आणि बदलावे लागते. नेमके येथे रसायनशास्त्र संपते आणि समाजाचे काम सुरू होते.

संशोधकांनी आपले काम केले नाही, असे म्हणता येणार नाही. शिबपूरच्या बंगाल अभियांत्रिकी महाविद्यालयाने अमेरिकेतील लीहाय विद्यापीठाच्या सहकार्याने १९९७ पासून उत्तर चोवीस परगण्यातील हातपंपांना ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, म्हणजे ॲल्युमिनाचे, स्तंभ जोडले. कुष्टियाचे सुपुत्र अबुल हुसाम यांनी लोखंड, वाळू आणि कोळसा यांची घरगुती ‘सोनो’ गाळणी सिद्ध केली. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने तिला ग्रेंजर पारितोषिकाने गौरविले. मद्रासच्या आय.आय.टी.त टी. प्रदीप यांच्या गटाने कोळंबीसारख्या प्राण्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बसवून अल्प खर्चाची गाळणी तयार केली. परदेशी यंत्राच्या पेटीची वाट पाहत बसण्याची गरज नाही, हे या प्रयत्नांनी दाखवून दिले.

मग अपयश कोठे आहे? चोवीस परगण्यात निरनिराळ्या उत्पादकांची यंत्रे सुमारे दोन वर्षे पारखून जादवपूरच्या संशोधकांनी २००५ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. लिटरला १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकाही यंत्राला सातत्याने पाळता आली नाही. यंत्र बसविल्याबद्दल पैसे द्यायचे आणि शुद्ध पाण्याबद्दल कोणालाच जाब विचारायचा नाही, अशी व्यवस्था असेल तर दुसरे काय होणार? उद्घाटनाचे हार सुकण्यापूर्वी ठेकेदार निघून जातो. सोमलाला रंग नाही, वास नाही, चव नाही. नळ कोरडा पडला तर लहान मूलही ओरडून सांगते. गाळणी निकामी झाली हे मात्र घरातील शहाण्या माणसालाही कळत नाही. म्हणून तपासणीविना चालणारी गाळणी नसलेल्या गाळणीपेक्षा अधिक घातक ठरू शकते. ती पाण्यावरचे विष काढत नाही, संशय तेवढा काढून घेते.

शिबपूरच्या प्रयोगातील खरा धडा ॲल्युमिनात नाही, तो व्यवस्थेत आहे. तेथे गावकऱ्यांच्या पाणी समित्या झाल्या. कुटुंबांनी दरमहा अल्प वर्गणी दिली. पंपाची देखभाल करणारा माणूस नेमला गेला. भरलेला ॲल्युमिना एका मध्यवर्ती ठिकाणी नेऊन कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा वापरला जाऊ लागला आणि धुऊन निघालेले विष तळ्याच्या काठी न फेकता वेगळे राखण्याची सोय झाली. पदार्थ तोच, पाणी तेच; फरक मालकीच्या जाणिवेचा आहे.

जबाबदारी झटकण्याची रीत मात्र सर्वत्र सारखीच. एका ब्रिटिश सरकारी संस्थेने १९९२ साली बांगला देशातील भूजल तपासताना सोमल तपासला नव्हता. त्याबद्दल एका ग्रामस्थाने दाद मागितली, तेव्हा २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने त्याचा दावा फेटाळला. त्या संस्थेवर त्याच्याप्रत असे कर्तव्यच नव्हते, असा निवाडा झाला. सोमलमुक्त पाण्याच्या खोल सरकारी विहिरी गरजेपेक्षा राजकीय वजन पाहून वाटल्या जातात, असे ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या २०१६च्या अहवालाने बांगला देशाविषयी दाखवून दिले. पश्चिम बंगालमध्ये हे संकट उघडकीस आले आणि वाढले त्या काळात, १९७७ ते २०११, डाव्या आघाडीचे सरकार होते, हेही समाजवाद्यांनी प्रामाणिकपणे आठवावे. फलकाचा रंग लाल असल्याने गाळणी आपोआप धुतली जात नाही.

महाराष्ट्राने हा प्रश्न दूरचा मानण्याचे कारण नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. दात पिवळे-तपकिरी होणे आणि हाडे वाकणे हे त्याचे परिणाम होत. त्यावरील ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने १९७०च्या दशकात सिद्ध केली. तुरटी आणि चुना पाण्यात घातला की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका बनतो आणि फ्लोराइडचा मोठा अंश घेऊन तो खाली बसतो. रसायन सोपे आहे. पण मात्रा रोज मोजून कोणी घालायची आणि गाळ कोठे टाकायचा, हे दोन प्रश्न येथेही सोमलाइतकेच जुने आहेत. दरम्यान ज्यांच्या खिशात पैसे आहेत, ते वीस लिटरचा जार विकत घेऊन मोकळे होतात. सरपंच, शिक्षक, दुकानदार यांनी सार्वजनिक पाणी पिणे सोडले की त्या पाण्याबद्दल तक्रार करणारा वजनदार आवाजच गावात उरत नाही. खाजगी शुद्धतेची खरी किंमत जो ती विकत घेऊ शकत नाही, तोच भरतो.

गाळणयंत्र हा अखेरचा उपाय नव्हे. शक्य असेल तेथे सुरक्षित जलाशयाचे शुद्ध केलेले पाणी नळाने देणे हेच शासनाचे पहिले कर्तव्य. जेथे गाळणीवाचून गत्यंतर नाही, तेथे काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. प्रत्येक सार्वजनिक स्रोताची ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी आणि तिचा आकडा तारखेसह त्याच पाणवठ्यावर रंगवून लावावा. ठेकेदाराला देयक बसविलेल्या यंत्राचे नव्हे, मर्यादेत उतरलेल्या पाण्याचे मिळावे. देखभाल करणाऱ्या माणसाला, आणि हे काम बहुधा बायकांच्याच गळ्यात पडते, सन्मानाचे वेतन मिळावे. भरलेला ऑक्साइड गोळा करून सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी जिल्हा परिषदेने उचलावी. गावाने वर्गणी द्यावी. पण तिच्या नावाखाली शासनाने आपले अंग काढून घेऊ नये.

या मागण्यांत क्रांतीची गर्जना नाही, म्हणून त्या क्षुल्लक ठरत नाहीत. कार्यकर्त्यांनी मोर्चाइतक्याच निष्ठेने ग्रामसभेत उभे राहून एक प्रश्न विचारावा: या हापशाचे पाणी शेवटचे केव्हा तपासले आणि आकडा काय आला? पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा विचारावा. गंज आपले काम निमूटपणे करतो आणि भरला की थांबतो. तो थांबला आहे, हे पाहण्यासाठी माणूस जागा असावा लागतो.