विंबल्डनचीं भाकितें

विंबल्डनची सोडत स्पर्धेच्या अगोदरच्या शुक्रवारीं जाहीर होते, आणि त्याच सायंकाळीं अनेक घरांतून आजोबांपासून नातवापर्यंत सर्वजण भविष्यवेत्ते बनतात. अमुक जिंकणार, तमुक तिसऱ्या फेरींत गळणार, असे निकाल पहिला चेंडू पडण्यापूर्वींच लागलेले असतात. ह्या करमणुकीस आमची हरकत नाहीं. तर्कशक्तीला इतका चांगला व्यायाम दुसरा क्वचितच मिळेल. मात्र अनुमान करावयाचें तर तें अनुमानाच्या रीतीनें करावें, एवढेंच आमचें म्हणणें.

एकेरीच्या पटावर १२८ नांवें असतात व त्यांपैकीं ३२ जणांस मानांकन मिळतें. पहिला आणि दुसरा मानांकित पटाच्या दोन निरनिराळ्या अर्धांत ठेवितात, आणि मानांकितांपैकीं कोणतेही दोघे तिसऱ्या फेरीपूर्वीं समोरासमोर येत नाहींत. विजेत्यास ओळीनें सात सामने जिंकावे लागतात. आतां आमच्या जुन्या पेशास अनुसरून एक गणित. प्रत्येक सामन्यांत ज्याच्या विजयाचा संभव शंभरांत नव्वद आहे असा बलाढ्य खेळाडू घ्या. सातही सामने तोच जिंकेल याचा संभव किती? नव्वद शतांश सात वेळां गुणिले असतां उत्तर येतें, शंभरांत सुमारें अठ्ठेचाळीस! म्हणजे ज्याच्याविषयीं सारें घर छातीठोकपणें बोलतें, तो हरण्याचाच संभव किंचित् अधिक. २०२५ सालीं तर पहिल्याच फेरींत १३ मानांकित पुरुष व १० मानांकित स्त्रिया गारद झाल्या. त्यांत दुसरें मानांकन असलेली कोको गॉफ होती; पॅरिसचें अजिंक्यपद मिळवून तिला पुरता महिनाही झाला नव्हता.

येथें न्यायशास्त्रांतील एका जुन्या उदाहरणाचें स्मरण होतें. धूर दिसला म्हणजे अग्नि आहे हें अनुमान शुद्ध. पण अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हें मात्र अशुद्ध. धुरासाठीं सर्पण ओलें असावें लागतें, आणि ह्या अटीलाच शास्त्रकार उपाधि म्हणतात. टेनिसमध्यें मैदानाची जात ही अशीच उपाधि होय. लाल मातीवर चेंडू उंच उसळतो व मंदावतो. हिरवळीवर तो खालून सरपटत जातो आणि विचारास अवधि ठेवीत नाहीं. पॅरिसची स्पर्धा संपल्यावर विंबल्डनपूर्वीं खेळाडूस हिरवळीचा सराव मिळतो तो तीनच आठवडे. म्हणून ‘पॅरिसला जिंकला, सबब येथेंही जिंकेल’ हें अनुमान सोपाधिक होय, आणि शास्त्रकार त्यास दुष्टच म्हणतील.

याचें फार बोधप्रद उदाहरण २०२५ च्या पुरुषांच्या अंतिम सामन्यांत मिळालें. कार्लोस अल्काराझ व यानिक सिन्नर यांच्या त्यापूर्वींच्या बारा लढतींत आठ अल्काराझकडे गेल्या होत्या, आणि त्यांतही शेवटच्या पांच ओळीनें. पांच आठवड्यांपूर्वींच पॅरिसला त्यानें तीन विजयगुण परतवून सिन्नरच्या हातचें अजिंक्यपद हिरावून घेतलें होतें. शिवाय विंबल्डन त्यानें मागील दोन्ही वर्षीं जिंकलें होतें. भाकीत करणाऱ्यांनीं आठ आणि चार हे आंकडे पुनःपुन्हां उगाळले. परंतु त्या बारांपैकीं हिरवळीवर झालेली लढत एकच, २०२२ सालची, आणि ती सिन्नरनें जिंकली होती. हा ओल्या सर्पणाचा विचार कितीकांनीं केला? सिन्नर चार सेटमध्यें जिंकला.

तथापि त्याच सिन्नरला चौथ्या फेरींत ग्रिगोर दिमित्रोव्हनें पहिले दोन सेट घेऊन जेरीस आणलें होतें. तिसऱ्यांत दोन-दोन अशी बरोबरी असतां दिमित्रोव्हच्या छातीचा स्नायु दुखावला आणि त्यास रडत मैदान सोडावें लागलें. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली! असल्या काकतालीय प्रसंगास कोणतेंही गणित पुरें पडत नाहीं.

बळाबळांतील अंतरही किती बारीक असतें पाहा. रॉजर फेडररनें २०२४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ येथें पदवीधरांपुढें बोलतांना सांगितलें कीं, आपण एकेरीच्या १५२६ सामन्यांपैकीं जवळजवळ ऐशी टक्के जिंकलों, पण गुण मात्र ५४ टक्केच. २०१९ च्या अंतिम सामन्यांत तर त्याचे गुण २१८ आणि जोकोविचचे २०४ होते. दोन विजयगुणही त्याच्या हातीं आले होते. आणि चषक जोकोविचनें नेला.

हें सारें विस्तारानें लिहिण्यास कारण आहे. पैसे लावून भाकितें करण्याचा नाद फोनच्या वाटेनें सुशिक्षित घरांतही शिरला. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें ‘नक्की’ अशा पांच सामन्यांची एक सांखळी करून तिच्यावर सत्राच्या फीचे पैसे लाविले. वडिलांस कळलें तें फी भरण्याची मुदत टळल्यावर. प्रत्येक सामन्यास शंभरांत ऐशी धरले तरी पांचही खरे ठरण्याचा संभव तेहतीसच येतो, हें त्यास कोणी करून दाखविलेलें नव्हतें. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्यें झाला हें चांगलेंच झालें; पण गणित शिकविण्याचें काम कायद्याचें नव्हे, घराचें.

म्हणून आम्ही घरांत एक वही ठेविली आहे. तींत नुसतें विजेत्याचें नांव लिहावयाचें नाहीं, तर शंभरांत किती हा आंकडाही प्रत्येकानें सामन्यापूर्वीं लिहावयाचा. पंधरवडा संपला म्हणजे ज्यांना साठ दिले त्यांपैकीं दहांत सहा जिंकले कीं नाहीं तें ताडून पाहावयाचें. नऊ जिंकले असतील तर लिहिणारा भित्रा, चारच असतील तर फुशारकीखोर. गेल्या खेपेस सर्वांत खरी उतरलेली नोंद आमच्या धाकट्या सुनेची होती. तिनें एकाही सामन्यास नव्वद दिलेले नव्हते.